पट्टी बांधताना एक प्रश्नही विचारा

आपल्या वस्तीतल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने स्वतःच्याच अंगाला इजा करून घेतली, तर त्या लेकराला सगळ्यात आधी कोण पाहते? मानसोपचारतज्ज्ञ पाहत नाही. त्याच्यापर्यंत पोचणे ही फार पुढची पायरी झाली. आधी पाहतो तो चौकातला दवाखानेवाला डॉक्टर, प्राथमिक आरोग्य केंद्रातला वैद्यकीय अधिकारी, ड्रेसिंग करणारी सिस्टर, नाहीतर गल्लीतली आशाताई. या माणसांच्या हातात पाच-दहा मिनिटे असतात. तेवढ्यात जखम धुतली जाते, पट्टी बांधली जाते, धनुर्वाताचे इंजेक्शन टोचले जाते आणि वर ऐकवले जाते, "पुन्हा असले धंदे करू नकोस." लेकरू मान हलवते आणि घरी येते. जखम भरते. ती का झाली हे केसपेपरवर लिहिलेले नसते, कारण ते कोणी विचारलेलेच नसते.

माझे म्हणणे एवढेच आहे की तो प्रश्न विचारणे हा पट्टीइतकाच उपचाराचा भाग आहे. तो विचारायची तयारी आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात असली पाहिजे. ही तयारी डॉक्टरच्या चांगुलपणावर सोडून चालणार नाही. त्यासाठी शिक्षण लागते, आडोसा लागतो, वेळ लागतो आणि पुढे कोणाकडे पाठवायचे याचा पत्ता लागतो. हे सगळे मागून घ्यावे लागेल, आणि मागणारे आपणच आहोत.

हे नाटक नव्हे

किशोरवय म्हणजे १० ते १९ वर्षे. या वयात काही मुले मनातला ताण असह्य झाला की स्वतःच्या शरीराला दुखापत करतात. बहुतेकांच्या बाबतीत याची सुरुवात १२ ते १४ या वयात होते. जगभरातल्या अनेक अभ्यासांची एकत्र मोजदाद २०१४ साली झाली. तेव्हा किशोरवयीनांपैकी सुमारे १७ टक्क्यांनी आयुष्यात एकदा तरी, मरायचा हेतू नसताना, स्वतःला इजा केल्याचे सांगितले होते. म्हणजे हा श्रीमंतांच्या किंवा शहरातल्या मुलांचा लाड नाही, आणि आपल्याच घरात आलेला कलंकही नाही.

मरायचे नसते, तर मग का करतात? मनातली घालमेल कोणाला सांगता येत नाही, तेव्हा शरीराचे दुखणे थोडा वेळ मनाच्या दुखण्याला मागे ढकलते. कोणाला स्वतःचाच राग आलेला असतो आणि तो स्वतःला शिक्षा करतो. कोणी आतून इतके बधिर झालेले असते की काहीतरी जाणवावे म्हणून करते. मिळणारा आराम घटकाभराचा असतो. पाठोपाठ लाज येते, लपवणे सुरू होते, आणि ताण आला की पुन्हा तेच.

आपल्याकडे यावरून दोन चुकीचे अर्थ काढले जातात. पहिला, "लक्ष वेधायला करतात." लक्ष वेधायचे असते तर ही मुले भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे कपडे घालून फिरली नसती. बहुतेक जण हे आईपासूनही लपवतात. आणि समजा एखादे लेकरू खरेच लक्ष मागत असेल, तर ते एवढ्या महागात मागायची वेळ त्याच्यावर का आली, हे विचारायला नको का? दुसरा अर्थ, "मरायचे नव्हते ना, मग काळजी नाही." हा अधिक घातक आहे. आज मरायचा हेतू नसला, तरी स्वतःला वारंवार इजा करणाऱ्या मुलांना पुढे जिवाचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. म्हणून पहिली खूण दिसते तेव्हाच थांबून विचारायचे असते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांत सर्वाधिक, २२,७४६, आपल्या महाराष्ट्रातल्या होत्या. यातल्या किती जणांना त्याआधी कोणीतरी डॉक्टरने, सिस्टरने पाहिले असेल आणि काही न विचारता परत पाठवले असेल, याचा हिशेब कोणत्याही अहवालात नाही.

तज्ज्ञ मोजके, गरज दारात

कुणी म्हणेल, हे काम मानसोपचारतज्ज्ञांचे आहे. असते तर बरे झाले असते. पण भारतात एक लाख लोकांमागे मानसोपचारतज्ज्ञ ०.७५ आहेत, म्हणजे सव्वा लाखाहून अधिक लोकांमागे एक. तेही बहुतेक मोठ्या शहरांत. सरकारी निकषाप्रमाणे एक प्राथमिक आरोग्य केंद्र ३० हजार लोकांसाठी असते. म्हणजे चार-साडेचार आरोग्य केंद्रांच्या लोकसंख्येमागे एक तज्ज्ञ, आणि तोही शहरात बसलेला.

आता एका आरोग्य केंद्राचा ढोबळ हिशेब मांडू. ३० हजार लोकांत १० ते १९ वयाची मुले-मुली पाच हजारांच्या वर असतात. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांमध्ये कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला. त्या राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपली मुले काही वेगळ्या मातीची नाहीत. हेच प्रमाण धरले, तर एका आरोग्य केंद्राच्या हद्दीत या वयाची दोनशेच्या आसपास मुले मदतीच्या गरजेत निघतील. त्याच सर्वेक्षणाने सांगितले की मानसिक आजार असलेल्या शंभरातल्या ७० ते ९२ लोकांना उपचारच मिळत नाहीत.

गंगापूरहून घाटी रुग्णालय चाळीसेक किलोमीटरवर. तिथे मानसोपचार विभाग आहे, पण जाण्यायेण्याचे भाडे, एक दिवसाची बुडालेली मजुरी आणि "वेड्याच्या डॉक्टरकडे नेले" ही बोलणी, या तीन नद्या ओलांडून आपली आई तिथे पोचते. वाळूजच्या कंपनीत पाळी करणाऱ्या किंवा ऊसतोडीला गेलेल्या बापाला तर सुटीच नसते. गावच्याच दवाखान्यातल्या माणसाने योग्य प्रश्न विचारला नाही, तर पुढचा प्रवास सुरूच होत नाही.

डॉक्टर का विचारत नाहीत?

डॉक्टरांना शिव्या देण्यासाठी हा लेख नाही. त्यांची बाजू समजून घेतली तरच मागणी नीट करता येते.

पहिली अडचण शिक्षणाची. एमबीबीएसच्या सगळ्या वर्षांत मानसोपचार विभागात प्रत्यक्ष काम जेमतेम काही आठवडे असते आणि त्या विषयाची स्वतंत्र परीक्षा नसते. परीक्षा नसलेल्या विषयाला विद्यार्थी किती महत्त्व देतो, हे आपल्याला ठाऊक आहे. वस्तीतले बरेच खासगी डॉक्टर आयुर्वेद किंवा होमिओपॅथीची पदवी घेतलेले. टाके घालायला ते शिकले, पण रडणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीशी काय बोलायचे हे त्यांना कोणी नीट शिकवले नाही. मग ते माहीत असलेले करतात. सलाईन लावतात, ताकदीची बाटली देतात, कधी झोपेच्या गोळ्यांची अख्खी पट्टी हातात ठेवतात. या शेवटच्या गोष्टीला तर ठाम विरोध केला पाहिजे. ज्या लेकराच्या जिवाला धोका असू शकतो, त्याच्या हाती गोळ्यांचा साठा द्यायचाच नसतो.

दुसरी अडचण गर्दीची. ओपीडीत रांग लागलेली असते. एका पेशंटला तीन मिनिटे मिळाली तरी खूप. टेबलाभोवती दहा माणसे उभी असतात, त्यांत ओळखीचे, भावकीतले, शेजारचे. अशा ठिकाणी कोणते लेकरू तोंड उघडेल?

तिसरी अडचण भीतीची. "विचारले आणि तिच्या डोक्यात भलतेच भरले तर?" असे अनेक डॉक्टरांना, आणि आपल्यालाही, वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने तज्ज्ञ नसलेल्या डॉक्टर-नर्ससाठी २०१० मध्ये मार्गदर्शिका काढली. स्वतःला इजा करण्याविषयी विचारल्याने तसे करण्याची इच्छा निर्माण होत नाही, उलट विचारल्याने माणसाचा ताण हलका होतो, हे त्या मार्गदर्शिकेत सांगितले आहे.

चौथी अडचण पोलिसांची. "केस होईल, कोर्टात खेटे घालावे लागतील" म्हणून खासगी डॉक्टर हात झटकतात आणि घरचेही "पडली", "काच लागली" असे सांगतात. इथे कायदा काय म्हणतो ते वस्तीतल्या प्रत्येकाला माहीत असावे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच आधी गृहीत धरायचे. तिच्यावर खटला भरायचा नाही, तिला शिक्षा करायची नाही. उलट तिची काळजी, उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी आहे. जुन्या दंडविधानातले ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ठेवलेले नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरते वेगळे कलम आहे, त्याचा घरातल्या लेकराशी संबंध नाही. रुग्णालयाने कागदोपत्री नोंद केली, पोलिसांना कळवले, तरी नोंद म्हणजे गुन्हा नव्हे. या भीतीपोटी उपचार लांबवू नका.

तयारी म्हणजे काय?

तयार असलेला डॉक्टर काय करतो, हे आपल्याला माहीत असेल तर आपण ते मागू शकतो.

तो आधी जखमेवर नीट उपचार करतो. "स्वतःच केलंस ना, मग सोस" असे म्हणून बधिर न करता टाके घालणे हा उपचार नसून शिक्षा आहे. मग तो लेकराशी पाच मिनिटे एकट्याशी बोलतो, नंतर पालकांशी. मुलगी असेल तर सिस्टरला जवळ ठेवतो. आवाज चढवत नाही, तोंड वाकडे करत नाही. सरळ विचारतो, "ही जखम तू स्वतः केलीस का? याआधी कितीदा? तेव्हा मनात काय चालले होते? मरून जावे असे वाटते का? तसे काही ठरवले आहे का? घरात, शाळेत, रस्त्यात कोणी त्रास देते का?" मरणाचा विचार पक्का दिसला, तर एकटे न सोडता लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवतो. तसे नसले, तर आईबापांना घरात काय जपायचे ते सांगतो आणि आठवड्याने परत बोलावतो.

शेवटची गोष्ट सगळ्यात सोपी आहे आणि तीच सगळ्यात जास्त विसरली जाते. आत्महत्येचा प्रयत्न करून रुग्णालयात आलेल्या १,८६७ लोकांवर जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत एक अभ्यास केला, त्यात भारतातले चेन्नई होते. २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. अर्ध्या लोकांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना त्याखेरीज सुमारे तासाभराची समजावणी आणि पुढच्या दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट. "कसे आहात, काही मदत हवी का?" एवढेच. दीड वर्षानंतर नेहमीच्या उपचारवाल्या गटात आत्महत्येने गेलेल्यांचे प्रमाण २.२ टक्के होते, फोन-भेटीच्या गटात ०.२ टक्के. नऊ फोन करायला मोठे यंत्र लागत नाही. आपल्या आशाताईंचा, सिस्टरचा फोन त्यासाठी पुरेसा आहे, पण ते काम त्यांच्या कामाच्या यादीत लिहिलेले पाहिजे आणि त्याचा मोबदला त्यांना मिळाला पाहिजे. आधीच डझनभर कामांखाली दबलेल्या आशाताईवर फुकटचे आणखी एक ओझे टाकणे हा न्याय नव्हे.

गावपातळीवर हे जमते का? जमते, आणि ते जवळच करून दाखवलेले आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाच्या प्रकल्पात गावातल्याच कार्यकर्त्यांना मानसिक आरोग्याचे शिक्षण दिले, वर समुपदेशक आणि डॉक्टर जोडून दिले. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. उदासीनतेचा आजार असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. वर्षभरात मरणाचे विचार आल्याचे सांगणारे ५.२ टक्के होते, ते २.५ टक्के झाले. त्याआधी गोव्यात ‘मानस’ नावाच्या प्रयोगात २४ दवाखान्यांत डॉक्टरच्या जोडीला मानसोपचाराची पदवी नसलेले प्रशिक्षित समुपदेशक बसवले. २०१० मध्ये त्याचा निकाल आला, आणि सरकारी केंद्रांतल्या रुग्णांना त्याचा फायदा स्पष्ट दिसला. हे दोन्ही प्रयोग मुख्यतः मोठ्या माणसांसाठी होते. मुलांसाठी तेच करायला कोणी अडवलेले नाही.

आपल्या मुलांना विचारायचा प्रश्न

बाहेरून आलेल्या प्रश्नावल्यांत एक प्रश्न सहसा नसतो. "शाळेत, कॉलेजात कोणी जातीवरून बोलते का?" आपल्या घरातल्या लेकरासाठी हा प्रश्न जखमेच्या मुळाशी असू शकतो. "स्कॉलरशिपवाले" म्हणून हिणवणे, आडनाव विचारून बाक बदलणे, डब्यावरून, रंगावरून, वस्तीवरून टोमणे, जयंतीचा स्टेटस ठेवला म्हणून धमकी. हे मूल घरी सांगत नाही, कारण बाप उद्या शाळेत जाऊन भांडेल आणि आपलीच अडचण होईल असे त्याला वाटते.

मोठ्या शिक्षणापर्यंत पोचलेल्यांनाही हे चुकले नाही. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबादला रोहित वेमुला आणि मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. छळाचे आरोप झाले. दोघांच्या आया, राधिका वेमुला आणि आबेदा तडवी, २०१९ मध्ये शिक्षणसंस्थांतल्या जातिभेदाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. पायल स्वतः डॉक्टर होती, हे विशेष लक्षात घ्यावे. दवाखाना म्हणजे जातीबाहेरची जागा असे समजण्याचे कारण नाही. म्हणून डॉक्टरच्या तयारीत हेही आले पाहिजे की समोरच्याचे आडनाव ऐकून "तुमच्यात असेच चालते" असे मनातही आणायचे नाही, आणि मूल अपमानाविषयी बोलले तर "एवढे काय मनावर घ्यायचे" म्हणून उडवून लावायचे नाही.

मात्र सगळे खापर बाहेरच्यांवर फोडूनही चालणार नाही. दारू पिऊन होणारी मारहाण, आईला मारताना पाहणे, दहावीच्या आधीच ठरवलेले लग्न, "आम्ही रक्त आटवतो आणि तू एवढेच मार्क आणतोस" हे रोजचे ऐकणे, हेही जखमेचे मूळ असते. गोव्यात १६ ते २४ वयाच्या तरुणांत झालेल्या अभ्यासात हिंसा सोसलेल्यांमध्ये आत्मघाताचे विचार आणि प्रयत्न जास्त आढळले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले होते. बाबासाहेबांनी शिका सांगितले, ते लेकरू मान ताठ करून जगावे म्हणून. नापास झालेल्या लेकराला आपल्याच घरात मान खाली घालावी लागली, तर त्या शिकण्याचा अर्थ काय राहिला?

आणि एक अवघड गोष्ट. त्रास देणारा घरातलाच असेल, तर मूल आईबापांसमोर बोलणार नाही. म्हणून डॉक्टर लेकराशी एकट्याने बोलायचे म्हणाला, तर राग मानू नका, बाहेर थांबा. डॉक्टरनेही खोटा शब्द देऊ नये. "तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कोणी तुझ्यावर लैंगिक अत्याचार करत असेल, तर मला पुढे कळवावे लागेल. बाकीचे तुझे-माझ्यात राहील," हे आधीच सांगावे. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे असा अत्याचार कळल्यावर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे.

घरात काय करावे

१. खूण दिसली तर मारू नका, ओरडू नका, चारचौघांत बाही वर करून दाखवू नका. शांतपणे म्हणा, "तुला खूप त्रास होतोय असे दिसते. मी रागावणार नाही. सांग मला."

२. "शपथ घे, पुन्हा करणार नाहीस" असे वदवून घेऊ नका. शपथ मोडली की मूल अधिक लपवते.

३. फवारणीची औषधे, उंदराचे औषध, घरातल्या म्हाताऱ्यांच्या गोळ्या कुलपात ठेवा, किल्ली मोठ्या माणसाकडे ठेवा. कठीण क्षण बहुतेक वेळा थोड्या वेळात ओसरतो. त्या वेळात हाताशी काही नसले तर जीव वाचतो.

४. देवऋषी, गंडा, अंगारा यात एक दिवसही घालवू नका. १९५६ साली आपण जे नागपूरला सोडून आलो, ते लेकराच्या आजारपणात मागच्या दाराने घरात येऊ देऊ नका.

५. दवाखान्यात खरे सांगा. "काच लागली" म्हणालात तर डॉक्टरला काचेवरचाच उपचार करता येईल.

६. १४४१६ हा टेली-मानस सेवेचा क्रमांक घरातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये ठेवा. १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली ही सरकारी सेवा मोफत आहे, दिवसरात्र आहे आणि मराठीत बोलता येते. मूल संकटात असेल, अत्याचार होत असेल तर १०९८. जिवावर बेतले असेल तर १०८ ची रुग्णवाहिका.

तालुक्याकडे काय मागावे

कागदावर बरेच काही आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात आहे, आणि प्राथमिक केंद्राच्या डॉक्टरांना शिकवणे हे त्याचेच काम आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टरांचे पथक शाळेत येते, आणि मोठ्या मुलांच्या तपासणीच्या यादीत "बहुतेक वेळ उदास वाटते का" हा प्रश्नही आहे. पण वर्गमित्रांच्या रांगेत विचारलेल्या या प्रश्नाला "नाही" हेच उत्तर येणार. जानेवारी २०१४ मध्ये किशोरवयीनांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम आला, महाराष्ट्रात ‘मैत्री’ नावाची सल्ला केंद्रे आहेत. शेतकरी कुटुंबांसाठी मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प आला. आपला जिल्हा त्यात आहे, आणि आशाताई त्यासाठी घरोघर ताणाविषयी विचारून आल्या आहेत. म्हणजे दार ठोठवायची सवय आहे, ते किशोरवयीनांसाठी ठोठवायचे बाकी आहे. नोव्हेंबर २०२२ च्या राष्ट्रीय धोरणात २०३० पर्यंत आत्महत्येने होणारे मृत्यू १० टक्क्यांनी कमी करायचे ठरले आहे. ते दिल्लीत कमी होणार नाहीत, गंगापूर, लासूर स्टेशन, वाळूज, शेंदूरवाद्यातच कमी व्हावे लागतील.

म्हणून प्रत्येक वस्तीने ग्रामसभेत आणि दवाखान्याच्या रुग्ण कल्याण समितीकडे लेखी पाच गोष्टी मागाव्यात :

१. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आयुष्मान आरोग्य मंदिरात निदान एक डॉक्टर किंवा समुदाय आरोग्य अधिकारी आणि एक सिस्टर या विषयात शिकलेली असावी, आणि तिचे नाव फलकावर असावे.

२. बोलण्यासाठी आडोशाची एक खोली. नसेल तर निदान पडदा आणि आठवड्यातला एक ठरलेला तास.

३. स्वतःला इजा केलेल्या प्रत्येक लेकराला चिठ्ठी लिहून पुढे पाठवणे आणि ते तिथे पोचले का, हे फोन करून पाहणे.

४. पहिल्या महिन्यात आठवड्याला एक फोन किंवा भेट, आणि त्याचा मोबदला आशाताईंना.

५. वस्तीतल्या खासगी डॉक्टरांनाही याच प्रशिक्षणाला बोलावणे, कारण रात्री आठ वाजता दार त्यांचेच उघडे असते.

"स्टाफ नाही" हे उत्तर येईल. ते अर्धे खरेही असेल. तेव्हा विचारावे, की एक प्रशिक्षण, एक पडदा आणि चार फोन यांतल्या कशाला स्टाफ कमी पडतो? आणि रिक्त जागांचा प्रश्न असेल, तर त्या भरण्याच्या मागणीत डॉक्टर-सिस्टरच्या बरोबरीने आपणही सही करू.

विहारात दर पौर्णिमेला आपण जमतोच. पुढच्या वेळी वंदनेनंतर अर्धा तास काढावा, एखाद्या डॉक्टरला किंवा सिस्टरला बोलवावे, १४४१६ भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहावा आणि वरच्या पाच मागण्यांच्या अर्जावर सह्या घ्याव्यात. मुलांनाही त्या बैठकीत बसवावे. आपल्या घरात हा विषय बोलता येतो, एवढे त्यांनी कानांनी ऐकले तरी एखादे लेकरू त्या रात्री आईजवळ येऊन बसेल.

जयभीम.